अंदाज आणि काटा



विमान म्हटले की मुलांना पंख आठवतात, इंजिनाचा आवाज आठवतो. वैमानिकाच्या समोरचा तो गोल गोल मीटरनी भरलेला पत्रा सर्वांत शेवटी आठवतो. वर्गात विचारले तर एक मुलगा म्हणाला, "सर, तो तर गाडीचा डॅशबोर्डच आहे." बरेचसे खरे आहे. पण गाडीचा डॅशबोर्ड बंद पडला तरी गाडी घरापर्यंत येते, कारण रस्ता डोळ्यांना दिसतो. ढगात शिरलेल्या विमानाला रस्ता नसतो. तिथे जे काही खरे आहे, ते त्या पत्र्यावरच असते. या महिन्यात त्या पत्र्याविषयी, म्हणजे इन्स्ट्रुमेंट पॅनेलविषयी बोलू. आणि तो घरच्या घरी बनवणाऱ्या माणसांविषयीही.

घरी विमान बनते का? बनते. आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण आहे. कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायाने वैमानिक. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बनवले. फेब्रुवारी 2016 मध्ये ते विमान सुटे करून क्रेनने गच्चीवरून खाली उतरवले आणि 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात मांडले. नोव्हेंबर 2017 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, त्याची नोंदणी केली. उड्डाणाच्या परवानगीला 2019 चा ऑक्टोबर उजाडला, आणि 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून चाचणीचे उड्डाण झाले. प्रदर्शनापासून उड्डाणापर्यंत चार वर्षांहून जास्त काळ गेला. विमान बनवणे अवघड आहेच. ते उडण्याच्या लायकीचे आहे हे दाखवून देणे त्याहून अवघड आहे. पॅनेलचे महत्त्व इथेच कळते.

आधी हे पाहू की इतके मीटर लागतातच कशाला. माणसाला तोल कळतो तो कानाच्या आतल्या बारीक नळ्यांमुळे. त्यांत पाणी असते. डोके वळले की ते पाणी मागे राहते आणि मेंदूला वळण कळते. पण वळण सावकाश आणि बराच वेळ चालू राहिले की पाणीही नळीच्या वेगाने फिरू लागते आणि मेंदू म्हणतो, आपण सरळ चाललो आहोत. बाहेर जमीन दिसत असेल तर डोळे ही चूक सुधारतात. ढगात डोळ्यांचा इलाज चालत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात 1954 मध्ये मीटर पाहून उडण्याचे शिक्षण नसलेल्या 20 जणांची परीक्षा घेतली गेली. बाहेरचे दिसेनासे झाल्यावर विमानावरचा ताबा सुटायला त्यांना सरासरी 178 सेकंद लागले. तीन मिनिटेसुद्धा नाहीत.

आपल्याकडचेच चित्र पाहा. आलापल्लीपासून भामरागडपर्यंत खाली नुसते जंगल. पावसाळ्यात ढग झाडांच्या शेंड्यांना टेकतात. वरून पाहिले तर सगळे हिरवे किंवा सगळे पांढरे. जमीन कुठे संपली आणि आभाळ कुठे सुरू झाले, हे कळायला काटाच हवा.

हा काट्यांचा भरवसा पहिल्यांदा कसोटीला लागला तो 24 सप्टेंबर 1929 रोजी. जिमी डूलिटल या अमेरिकन वैमानिकाने आपली बैठक पूर्ण झाकून घेतली, बाहेरचे काही दिसणार नाही अशी, आणि केवळ यंत्रे व रेडिओच्या भरवशावर विमान उडवले, वळवले आणि परत उतरवले. यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. इतका पट्टीचा वैमानिक, तरी पुढच्या जागेवर दुसरा वैमानिक बसवला होता. गडबड झाली तर त्याने सांभाळायचे. त्याला हात लावावा लागला नाही, ही गोष्ट वेगळी.

आता पॅनेल कसे बनते ते पाहू. सुरुवात पुठ्ठ्यापासून होते. बनवणारा पुठ्ठा कापून त्यावर मीटरच्या आकाराची वर्तुळे चिकटवतो, तो पुठ्ठा विमानात उभा करतो आणि पट्टा घट्ट आवळून सीटवर बसतो. प्रत्येक बटणापर्यंत हात पोहोचतो का? इंधनाचा मीटर हाताआड तर जात नाही ना? दांडा पूर्ण पुढे-मागे केला तर कुठे अडकत नाही ना? पुठ्ठ्याची चूक कात्रीने सुटते. पत्र्यावर केलेली चूक नवा पत्रा मागते.

मीटर कुठे बसवायचे, याचीही रीत ठरलेली आहे. वरच्या ओळीत मधोमध कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान कुठे कलले ते दाखवणारे यंत्र. त्याच्या डावीकडे वेगाचा मीटर, उजवीकडे उंचीचा. क्षितिजाच्या खाली दिशा दाखवणारे. या चारांचा इंग्रजी 'टी' अक्षरासारखा आकार होतो. खाली डावीकडे वळण दाखवणारा आणि उजवीकडे चढ-उताराचा मीटर बसला की सहा पूर्ण होतात. घाबरलेल्या माणसाची नजर सवयीच्या जागी जाते. म्हणून जागा बदलायच्या नसतात. आता पुष्कळ लोक रंगीत स्क्रीन बसवतात. तरी समजदार माणूस शेजारी दोन-तीन साधे मीटर ठेवतो, कारण स्क्रीन विजेवर चालते आणि वीज केव्हाही दगा देते.

पॅनेलचा पत्रा बहुधा ॲल्युमिनियमचा, दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीचा. मोठ्या मीटरचे भोक 3 1/8 इंचाचे, म्हणजे साधारण 79 मिलिमीटर. लहान मीटरचे 2 1/4 इंचाचे. भोक पाडले की कडा कानसने गुळगुळीत करायच्या, कारण धारदार कडा पुढे वायर कापते. पत्र्याला काळा किंवा राखाडी, चमक नसलेला रंग द्यायचा, नाहीतर उन्हात काटेच दिसत नाहीत. जुन्या पद्धतीत पत्रा रबराच्या गुटक्यांवर बसवत, कारण इंजिनाचा थरकाप नाजूक यंत्रांना सोसत नाही.

होकायंत्राची गोष्ट आपल्या घरातल्या बायाबापड्यांनाही ठाऊक आहे. किब्ल्याची दिशा पाहायला छोटे होकायंत्र लोखंडी कपाटाजवळ ठेवले की काटा भलतीकडे जातो. विमानातही तसेच. होकायंत्राभोवती लोखंडी स्क्रू चालत नाहीत, पितळी लागतात. विजेची जाड वायर जवळून नेता येत नाही. इतके करूनही थोडा फरक राहतो. म्हणून विमान जमिनीवर निरनिराळ्या दिशांना उभे करून फरक मोजतात आणि त्याचा तक्ता होकायंत्राशेजारी लावतात. यंत्र किती चुकते, हे लिहून समोर ठेवले की चुकणारे यंत्रही कामाचे होते.

वेगाचा मीटर हवेवर चालतो. पंखाखाली समोर तोंड केलेली एक नळी असते. हेन्री पिटो या फ्रेंच इंजिनिअरने 1732 मध्ये नदीच्या पाण्याचा वेग मोजायला अशी नळी वापरली. तिला आजही पिटो नळी म्हणतात. समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब या नळीतून येतो, विमानाच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रातून शांत हवेचा दाब येतो, आणि दोघांतला फरक म्हणजे वेग. उंचीचा मीटर त्याच छिद्रातल्या हवेवर चालतो. त्याच्या आत हवा काढलेली पातळ पत्र्याची बंद डबी असते. विमान वर गेले, बाहेरचा दाब घटला की डबी फुगते आणि काटा फिरतो.

अशी नळी बंद झाली तर? आपल्या घरात खिडकीच्या कोपऱ्यात, टेबलाखाली कुंभारीण मातीचे घर करते. तिच्याच जातीच्या माशीवर एका मोठ्या अपघाताचा संशय आहे. 6 फेब्रुवारी 1996 रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधून निघालेले बर्गनएअरचे विमान समुद्रात कोसळले आणि 189 जण गेले. विमान काही दिवस उभे होते आणि नळी झाकलेली नव्हती. तपासात आले की वेगाचा एक मीटर चुकीचा आकडा दाखवत होता, आणि नळीत माशीने घर केले असावे. म्हणून विमान उभे करताना नळीवर टोपण घालतात, आणि त्याला लाल फीत बांधतात, की उडण्याआधी ते काढायचे विसरू नये.

वायरिंगमध्ये कारागिराचा सबूर दिसतो. प्रत्येक वायरवर क्रमांक. प्रत्येक फांदीला स्वतःचा फ्यूज. पत्र्यातून वायर जिथे जाते तिथे रबराचे कडे. टोकांना लग चेपून बसवायचे. नुसता सोल्डर केलेला जोड थरथरून तिथेच मोडतो. वायर थोडी लांब ठेवायची, म्हणजे पॅनेल पुढे ओढून दुरुस्ती करता येईल, पण इतकीही नाही की ती लोंबून दांड्यात अडकेल. शेवटी नळ्यांची गळती तपासायची, तीही हलक्या हाताने. तोंडाने जोरात फुंकले तर आतली डबी खराब होते.

एवढ्याने पॅनेल पूर्ण होत नाही. वेगाच्या मीटरवर हिरवी, पिवळी पट्टी आणि लाल रेघ असते. हिरव्यात बिनधास्त, पिवळ्यात जपून, लाल रेघेपलीकडे कधीच नाही. कारखान्याच्या विमानाला हे रंग तयार मिळतात. घरच्या विमानाला ते कमवावे लागतात. विमान किती कमी वेगात तग धरते, हे सुरक्षित उंचीवर जाऊन थोडे थोडे करून शोधायचे आणि लिहून ठेवायचे. आपल्या मेहनतीची हद्द कुठे आहे, हे आपणच मोजून आपल्याच समोर रंगवायचे.

इथे एका नावाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीचा शेख इस्माईल, सगळ्यांचा मुन्ना. शाळा आठवीपर्यंत, हात वेल्डिंगच्या कामात बसलेला. मारुती 800 चे इंजिन लावून त्याने एका माणसाचे हेलिकॉप्टर बनवले. 15 ऑगस्टला ते लोकांना दाखवायचे होते. त्याआधी काही दिवस, ऑगस्ट 2021 मध्ये, रात्रीच्या चाचणीत शेपटीचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला, आणि तो मुन्नाच्या डोक्याला लागला. वय 24. अल्लाह त्याला जन्नत नसीब करो.

त्याच्या हुनरात कमी होती असे कोणी म्हणू नये. पण धातूचा थकवा डोळ्यांना दिसत नाही आणि कानांनाही कळत नाही. पंख्यातला जरासा असमतोल थरकाप निर्माण करतो, थरकापाने केसासारखी भेग पडते, आणि ती भेग एका क्षणी तुटते. कारखान्यात हे पंखे आधी एका मनोऱ्यावर फिरवतात, थरकाप यंत्राने मोजतात, आणि तेव्हा जवळ कोणी माणूस नसतो. अमोल यादव यांना कागदांनी वर्षानुवर्षे थांबवले. मुन्नाला थांबवणारे कोणी नव्हते. थांबवणाऱ्याचा राग येतो. पण दुसऱ्या कोणी तपासणे, दुसरा वैमानिक शेजारी असणे, हाही एक मीटरच आहे.

आपल्या बल्लारपूर, भद्रावती, देसाईगंजच्या मोहल्ल्यांत असे हात पुष्कळ आहेत. कोणी कूलरच्या मोटरीपासून काही करतो, कोणी जुन्या लुनाचे इंजिन उघडून बसतो. अब्बू म्हणतात, "अभ्यास सोडून हे काय?" अम्मी म्हणतात, "हात कापून घेशील." दोघांची काळजी खरी आहे. पण नुसते रागावल्याने हात थांबत नाहीत, ते रात्री लपून चालतात. त्यापेक्षा त्या मुलाला, मुलीला मोजायला शिकवा. वही द्या: आज काय बदलले, किती फेरे, किती गरम. आयटीआयच्या एखाद्या निदेशकांना, शाळेच्या विज्ञान शिक्षकांना बोलावून दाखवा. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात नातेवाईक असेल तर विचारा की कंट्रोल रूममध्ये भिंतभर मीटर का लागतात. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतले तर विमान दुरुस्तीच्या लायसन्सचा रस्ता खुला आहे. नागपूरच्या मिहानमध्ये मोठी विमाने दुरुस्त होतात. चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे. स्वप्न दूरचे नाही.

सुट्टीत एक काम करून पाहा. पुठ्ठ्यावर 79 मिलिमीटरची सहा वर्तुळे काढा, खुर्चीत बसून समोर धरा आणि डोळे मिटून प्रत्येकावर बोट ठेवा. मग किब्ल्याचे होकायंत्र घ्या, त्याभोवती मोबाईल फिरवा आणि काटा कुठे किती सरकला ते वहीत लिहा. हा झाला पहिला तक्ता. ज्याच्या वहीत असे तक्ते भरत जातील, त्याच्या हातात पुढे पाना देताना घरच्यांचे काळीज धडधडणार नाही.