‘ताईसारखी’ म्हणण्याआधी

परवा आमच्या मुलुंडच्या घरी चैत्रातलं हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ, पन्हं झालं आणि गप्पा वळल्या गाण्यांकडे. जगात नाव जास्त कुणाचं? लताबाईंचं की आशाबाईंचं?

एकीनं सांगितलं, “लताबाईंचंच! १९७४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या त्या.” दुसरी कशाला मागे राहते? कॉर्नरशॉप नावाच्या ब्रिटिश बँडनं १९९७ साली आशाबाईंच्या नावाचं गाणंच काढलं आणि पुढच्याच वर्षी ते तिथं पहिल्या क्रमांकावर गेलं. २००५ साली अमेरिकेतल्या क्रोनॉस क्वार्टेटबरोबर त्यांनी आर. डी. बर्मन यांची गाणी पुन्हा गायली, त्या अल्बमला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “आणि आमच्या सुमनताई गं?”

सगळ्या गप्प! सुमन कल्याणपूर यांचा आवाज लताबाईंच्या आवाजाच्या अगदी जवळचा. १९६० नंतरच्या काही वर्षांत रॉयल्टीच्या वादामुळे लताबाई आणि रफीसाहेब एकत्र गात नव्हते, तेव्हा रफींबरोबरची कितीतरी द्वंद्वगीतं सुमनताईंनी गायली. रेडिओवर ती लागली की लोक म्हणत, “लताचं गाणं!” मराठी भावगीतांनी त्यांना घराघरांत नेलं, तरी ‘लतासारखा आवाज’ हा शिक्का काही पुसला नाही. पद्मभूषण जाहीर व्हायला २०२३ साल उजाडलं. तोवर त्यांचं वय ८६ च्या घरात!

“खरंच हो, अन्याय झाला,” मी म्हटलं. आणि पाचच मिनिटांत मी काय केलं, ऐका. एका पाहुणीनं माझ्या धाकटीला विचारलं, “काय गं, तूही ताईसारखी पहिली येतेस ना?” तिच्याआधी मीच हसून बोलले, “छे हो, ताईसारखी कुठली! हिला आपली चित्रं काढायला हवीत.”

लेक मुकाट्यानं रिकामे पेले घेऊन आत गेली. रात्री तिची चित्रांची वही मला रद्दीच्या गठ्ठ्यात सापडली.

मी अर्धवेळ का होईना, शिक्षिका आहे. तुलना करू नका, असं पालकसभेत आयांना बजावते. घरी मात्र जीभ घसरली ती घसरलीच.

म्हणून आता काही गोष्टी ठरवल्यात. तुम्हीही करून बघा. पाहुण्यांसमोर दोन्ही मुलांची गुणपत्रकं एकदम काढायची नाहीत. तुलना करायचीच, तर तिच्याच मागच्या सहामाहीशी. आणि कौतुक नेमकं करायचं. नुसतं ‘छान’ नको; ‘या झाडाची सावली बरोबर पडली हं,’ असं म्हणावं. म्हणजे आपण पाहिलं, हे मुलाला कळतं.

वही मी पुसून तिच्या टेबलावर ठेवली आहे. मोठ्या मनानं चुकलं म्हणूनही सांगितलं, असं लिहायला आवडलं असतं. पण ते सांगायला मला दोन दिवस लागले. वही तिनं अजून उघडलेली नाही. मी वाट बघते आहे.