समुद्राच्या नावावर बिल फाडणं बंद करा

परवा शुक्रवारी लंच टेबलवर पुन्हा तेच वाक्य ऐकलं. "अरे, समुद्र दरवर्षी माणसाच्या आठपट कार्बन हवेत सोडतो. आपण कोण लागून गेलो?" हशा झाला, विषय संपला.

मला मात्र हसू आलं नाही. गेल्या वर्षी हेच वाक्य मी स्वतः म्हटलं होतं. टीममध्ये नवीन आलेली एक मुलगी म्हणत होती की कंपनीची बस असताना प्रत्येकानं आपापली गाडी कशाला आणायची? मी हा आकडा तोंडावर फेकला, ती गप्प झाली. तेव्हा आपण फार हुशार आहोत असं वाटलं. नंतर एका रविवारी बसून नीट वाचलं आणि लाज वाटली. म्हणून आज हे लिहितोय.

आधी मान्य करू, आकडा खोटा नाही. समुद्र आणि हवा यांच्यात दरवर्षी साधारण 80 अब्ज टन कार्बनची ये-जा चालते. कोळसा, तेल, गॅस जाळून आपण सोडतो सुमारे 10 अब्ज टन. म्हणजे आठपट बरोबर! पण वाक्य अर्धंच आहे. समुद्र जेवढं सोडतो तेवढं परत घेतो, आणि वर आपल्या वाट्यातलं अडीच-पावणेतीन अब्ज टन जास्तीचं घेतो.

आपल्या भाषेत सांगतो. पगार 80 हजार, घरखर्च 80 हजार. त्यावर दरमहा 10 हजार तुम्ही क्रेडिट कार्डावर उडवता. त्यातले अडीच हजार वडील गुपचूप भरतात. वर्षअखेर कर्ज दिसलं की तुम्ही म्हणता, वडिलांमुळे झालं! उलाढाल आणि शिल्लक यातला फरक आपल्याला कळू नये? दिवसभर डेटाबेस सांभाळणाऱ्यांना?

बरं, पुरावा काय? सोपा आहे. समुद्र देणारा असता तर त्याच्यातला कार्बन कमी व्हायला हवा होता. हवाई बेटांजवळच्या 'अलोहा' स्थानकावर 1988पासून समुद्राचं पाणी तपासतात. तिथे पाण्यातला कार्बन वाढतोच आहे. हवेतलं प्रमाण 1958 साली मौना लोआवर मोजायला सुरुवात झाली तेव्हा 315 पीपीएम होतं, आज 420च्या वर आहे. हवेत वाढ, पाण्यातही वाढ. मग भर कोण घालतंय?

यावर हुशार माणूस म्हणतो, "पण अरबी समुद्र तर कार्बन डायऑक्साइड सोडतो!" खरं आहे. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी 1990च्या दशकात हे मोजलंय. पावसाळ्यातल्या नैऋत्य वाऱ्यांनी सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यालगत खोलचं, कार्बननं भरलेलं पाणी वर येतं आणि हवेत वायू सोडतं. पण ही एक शाखा झाली. उत्तर अटलांटिक आणि दक्षिण महासागराच्या थंड पाण्यात त्याहून कितीतरी जास्त विरघळतं. ताळेबंद सगळ्या शाखांचा मिळून काढायचा असतो.

आता दुसरी आळशी समजूत: "समुद्र एवढा मोठा आहे, घेईल सगळं." 1957पर्यंत बऱ्याच शास्त्रज्ञांनाही असंच वाटायचं. त्या वर्षी रॉजर रेव्हेल आणि हान्स सूस यांचा निबंध आला. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कार्बोनेटशी संयोग पावून बायकार्बोनेट होतो, म्हणून तर समुद्र एवढा वायू पचवतो. पण कार्बोनेट मर्यादित आहे. त्यामुळे हवेतलं प्रमाण 10 टक्के वाढलं तर वरच्या पाण्यातला एकूण कार्बन जेमतेम 1 टक्का वाढतो. आणि कार्बोनेट जसं संपत जातं तसा हा हिशोब आणखी बिघडतो. शिवाय पाणी तापलं की वायू कमी विरघळतो. गरम सोडा पिऊन बघा :-)

थोडक्यात, वडिलांची शिल्लक आटत चालली आहे. त्यांच्या तब्येतीवरही परिणाम होतोय. औद्योगिक क्रांतीपासून वरच्या पाण्याचा पीएच साधारण 8.2वरून 8.1वर आलाय. 0.1 म्हणजे किरकोळ वाटतं ना? हे लॉगॅरिदमिक माप आहे. हायड्रोजन आयन जवळपास 30 टक्क्यांनी वाढलेत. कालवं, तिसऱ्या, प्रवाळ यांना कवच बांधायला जे कार्बोनेट लागतं, तेच आपण संपवतोय.

एका माणसानं गाडी घरी ठेवून समुद्र वाचणार नाही, हे मलाही कळतं. त्यावर जरूर भांडा. गाडी आणायची असेल तर "मला बसची गर्दी नको" असं सरळ म्हणा, ते निदान प्रामाणिक तरी आहे. पण आपली 40 टक्के फेड मुकाट्यानं करणाऱ्यालाच... नाही, थांबा, आकडा फुगवत नाही, पाव हिस्सा फेडणाऱ्यालाच आरोपी करू नका.

असो. सोमवारी त्या मुलीशी बोलणार आहे. ब्लॉगवर चूक कबूल करणं सोपं, कँटीनमध्ये त्याच टेबलवर सगळ्यांसमोर करणं अवघड. बघू.