पाटीवर वेस्ट कोस्ट, ग्लासात काय?

गेल्या अंकात ड्राय हॉपिंगवर लेख छापला. त्यावर आलेल्या पत्रांत हॉपिंगबद्दल जेमतेम चार ओळी आहेत, बाकी सगळा राग नावांवर आहे. पुण्याच्या एका ब्रुअरने लिहिले आहे, की शेजारच्या टॅपरूममध्ये ‘वेस्ट कोस्ट’ आयपीए (इंडिया पेल एल) म्हणून जी बिअर मिळते ती क्रिस्टल मॉल्टने गोड झालेली, तांबूस, ४.८ टक्क्यांची असते. तिथे दोन ग्लास पिऊन आलेला ग्राहक आपल्याकडच्या खऱ्या वेस्ट कोस्टचा पहिला घोट घेतो आणि ‘ही एवढी कडू का?’ म्हणून ग्लास परत पाठवतो. ठाण्याच्या पत्रलेखकाचे म्हणणे असे, की न गाळलेल्या व्हीट बिअरमध्ये मूठभर सिट्रा टाकून तिला हेझी म्हणणाऱ्यांनी हेझीची अब्रू घालवली. गोव्याहून आलेले पत्र सर्वांत दुःखी आहे. ‘न्यू इंग्लंड’ छापलेला कॅन दुकानाच्या फळीवर, फ्रिजबाहेर, अख्खा उन्हाळा पडून होता. उघडला तेव्हा रंग कोऱ्या चहाचा आणि वास ओल्या पुठ्ठ्याचा.

तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. उत्पादन शुल्क खात्याला जे सांगायचे ते पुढे सांगूच, पण सुरुवात आपल्या घरापासून करायला हवी.

नकाशावरचे एखादे नाव उचलून पाटीवर लिहिले म्हणजे प्रादेशिक शैली होत नाही. मूळ आयपीएचेच पाहा. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीला ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची गोदी जवळ होती. कप्तानांना ती १८ महिन्यांची उधारी देई, म्हणून तिची फिकट बिअर मुंबई-कलकत्त्याच्या बाजारात पक्की बसली. १८२२ च्या सुमारास कंपनीचे कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यांनी बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉपला या व्यापारात ओढले. तिथल्या विहिरींच्या जिप्समयुक्त पाण्यात तीच बिअर जास्त नितळ, जास्त कोरडी झाली आणि हॉप्सचा कडवटपणा तिच्यात धारदार उतरला. पुढे लंडनच्या बड्या ब्रुअरींना बर्टनला जाऊन कारखाने काढावे लागले, ते या पाण्यासाठी. (हॉजसनने आयपीएचा ‘शोध लावला’ ही दंतकथा आपल्या मेनूकार्डांवर अजून छापली जाते. ती कृपा करून काढून टाका. तशी फिकट, भरपूर हॉप्सची बिअर इंग्लंडात त्याच्या आधीपासून होत होती.)

वेस्ट कोस्टमागेही अशाच परिस्थितीचा हात आहे. याकिमाचे हॉप्स हाताशी होते, कॅस्केड १९७२ मध्ये बाजारात आला, १९७५ मध्ये अँकरची लिबर्टी एल आली, १९८० मध्ये सिएरा नेवाडाची पेल एल आली. मग टेमेक्युलाच्या ब्लाइंड पिगमध्ये १९९४ साली विनी सिलुर्झो यांनी डबल आयपीए काढली, आणि सॅन डिएगोच्या ब्रुअरांनी एकमेकांशी स्पर्धा करत क्रिस्टल कमी करत नेला, फायनल ग्रॅव्हिटी खाली आणली, सल्फेट वर नेले. तो कोरडेपणा पंचवीस वर्षांत एकेक दाणा कमी करून मिळवलेला आहे. त्या नावाखाली गोड अँबर एल ओतणे म्हणजे ग्राहकाला चुकीची बिअर देणे आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढच्या ब्रुअरचा ग्राहक बिघडवणे आहे.

हेझीची, म्हणजे न्यू इंग्लंड शैलीची, व्हरमाँटमधली गोष्ट मात्र थोडी थांबून पाहिली पाहिजे, कारण आपला सगळा घोटाळा तिथेच आहे. वॉटरबरी या छोट्या गावातल्या द अल्केमिस्ट पबमध्ये जॉन किमिक यांनी २००४ च्या सुमारास हेडी टॉपर पहिल्यांदा केली. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुरात पब बुडाला. कॅनिंगची नवी जागा वाचली आणि बिअर कॅनमधून बाहेर पडू लागली. लोक गाडी घेऊन दारात यायचे, कॅन घ्यायचे, घरी नेऊन थेट फ्रिजमध्ये ठेवायचे. मॅसॅच्युसेट्सच्या ट्री हाउस आणि ट्रिलियमचा धंदाही ब्रुअरीच्या दारातच वाढला. म्हणजे ओट्स, गहू, क्लोराइडकडे झुकलेले पाणी, फर्मेंटेशन चालू असतानाचे हॉपिंग हे सगळे त्या शैलीत आहेच. पण तिचा पाया टाकीपासून ग्लासापर्यंतच्या कमी अंतरावर आहे. ब्रुअर्स असोसिएशनने २०१८ मध्ये ‘ज्युसी ऑर हेझी’ला स्वतंत्र जागा दिली तोवर ही शैली जगभर गेली होती. आपण तिच्यातले ओट्स उचलले, सिट्रा-मोझॅक उचलले, कॅनवरचे भडक चित्रही उचलले. अंतर तेवढे उचलले नाही.

आता तुमच्या कॅनचा तळ किंवा पाठ पाहा. ‘पॅकिंगच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत वापरावे.’ ही ओळ आली कुठून? पाश्चराइझ केलेल्या लागरच्या लेबलावरून, जशीच्या तशी. दहा टक्क्यांखालच्या मद्यावर मुदत छापणे अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार बंधनकारक आहे, पण ती मुदत सहा महिनेच असावी असे कोणी तुम्हाला सांगितलेले नाही. ती तुम्ही ठरवता. लिटरला आठ-दहा ग्रॅम ड्राय हॉप्स पडलेली, ओट्स-गव्हाची, न गाळलेली बिअर चाळीस अंशांच्या गोदामात सहा महिने राहील असे आपल्यापैकी एकालाही मनापासून वाटत नाही. तापमान दहा अंशांनी चढले की ऑक्सिडेशनचा वेग दुप्पट-तिप्पट होतो, हे आपण सगळे शिकलो आहोत. कॅनमध्ये विरघळलेला ऑक्सिजन ५० पीपीबीच्या खाली आणल्याशिवाय हेझी भरूच नये, हेही माहीत आहे. आपल्याकडे किती जणांकडे डीओ मीटर आहे? ज्यांच्याकडे आहे त्यांतले किती जण भरणीच्या दिवशी तो बाहेर काढतात? मुदत सहा आठवडे छापली तर वितरक माल उचलणार नाही, असे उत्तर येते. मग ती बिअर वितरकाला देऊ नका. टॅपवर विका, ग्राउलरमध्ये विका. २०२० मध्ये महाराष्ट्र राज्याने मायक्रोब्रुअरींना बिअर बाहेर न्यायला देण्याची मुभा दिली, ती याच बिअरसाठी सर्वांत उपयोगाची आहे. दुकानाच्या फळीवर वेस्ट कोस्ट जाऊ द्या, तीही फ्रिज असलेल्या दुकानांत.

हॉप्सबद्दल तेच. आपल्या बाजारात येणाऱ्या पेलेटच्या कितीतरी पुड्यांवर पिकाचे वर्ष नसते, असले तर आयातदाराच्या स्टिकरखाली झाकलेले असते, आणि आपण ते विचारत नाही. मोठा खोका फोडून छोट्या पुड्या बांधणारा मधला माणूस व्हॅक्यूम परत कसा करतो, तेही विचारत नाही. अल्फाचा आकडा काढणीनंतरच्या तपासणीचा असतो. पुडी तुमच्या हातात येईपर्यंत त्यातले काय उरले ते कोण मोजतो? ताज्या हॉप्सचा एचएसआय (हॉप स्टोरेज इंडेक्स) ०.३ च्या आसपास असतो. प्रत्येक लॉटला तो मागा. पुरवठादार देत नसेल तर चार ब्रुअरी मिळून नमुना प्रयोगशाळेत पाठवा, खर्च वाटून घ्या. उत्तर गोलार्धाचे पीक ऑगस्ट-सप्टेंबरचे, न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाचे फेब्रुवारी ते एप्रिलचे. खरेदीचे वेळापत्रक या दोन काढण्यांवर बसवले तर वर्षभर बऱ्यापैकी ताजा माल मिळू शकतो. ज्याच्याकडे दोन वर्षांपूर्वीचा गॅलेक्सी पडून आहे त्याने तो उकळीत कडवटपणासाठी वापरावा. ड्राय हॉपिंगला वापरून वर प्रदेशाचे नाव देऊ नये.

आता खात्याकडे वळू.

या राज्यात बिअर मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ या कायद्याखाली विकली जाते. नावात आज ‘महाराष्ट्र’ आले, पण दृष्टी तीच राहिली. मद्याच्या जाहिरातीला बंदी आहे. ते धोरण आम्ही मान्य करतो. पण मग ग्राहकाला आपली बिअर काय आहे हे सांगायला लेबल आणि टॅपरूमची पाटी एवढ्याच दोन जागा उरतात. त्यातल्या लेबलावर काही बदलायचे तर फाइल करावी लागते. नवी बिअर म्हणजे नवे लेबल, नवे लेबल म्हणजे नवा अर्ज, नवे शुल्क. सीमा ओलांडून गोव्यात किंवा कर्नाटकात जायचे तर तिथली नोंदणी वेगळी, निर्यात परवाना वेगळा, आयात परवाना वेगळा. पुण्याहून पणजी ट्रकला एका रात्रीची वाट आहे. कागद हलेपर्यंत हेझीचे चांगले दिवस टाकीत संपतात.

याचा परिणाम थेट ग्लासात दिसतो. मोझॅक संपला, नेल्सन मिळाला, म्हणून बॅच बदलली. पण त्यासाठी पुन्हा फाइल कोण करणार? मग मंजूर झालेल्या एकाच ‘आयपीए’ लेबलखाली कधी वेस्ट कोस्ट जाते, कधी हेझी जाते, कधी दोन्हींच्या मधले काहीतरी जाते. ग्राहकाने मागच्या महिन्यात आवडलेला कॅन पुन्हा घेतला तर आत वेगळीच बिअर. हॉप्सचे नाव बदलल्याने मद्यार्क बदलत नाही, कर बदलत नाही, कोणाच्या आरोग्याला धोका वाढत नाही. मग त्या एका शब्दासाठी नवी मंजुरी का? आमची मागणी साधी आहे. मूळ लेबल एकदा मंजूर करावे आणि त्यावर बॅचच्या तपशिलासाठी मोकळी चौकट ठेवू द्यावी: शैली, हॉप्स, पॅकिंगची तारीख. मद्यार्क किंवा किंमत बदलली तरच नवी फाइल.

दुसरा मुद्दा पाच टक्क्यांच्या रेषेचा. राज्याच्या कराचा एक दर पाच टक्क्यांपर्यंत, त्याच्या वर चढा दर. अन्नसुरक्षेच्या नियमांतही पाचपर्यंत रेग्युलर, पाच ते आठ स्ट्राँग. आता बीजेसीपीच्या (बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम) २०२१ च्या पुस्तिकेतले आकडे ठेवून पाहा. इंग्लिश आयपीए ५ ते ७.५, अमेरिकन ५.५ ते ७.५, हेझी ६ ते ९. म्हणजे तिन्ही मुख्य शैलींचा जन्मच रेषेवर किंवा तिच्या पलीकडे आहे. स्वस्त साखर घालून केवळ चढण्यासाठी केलेली स्ट्राँग लागर आणि महिनाभर टाकीत बसलेली आयपीए कागदावर एकाच रकान्यात येतात. म्हणून आपले लोक रेसिपी ४.८ वर ओढून आणतात, बिअरचा दाटपणा टिकवायला मॅश गरम करतात, डेक्स्ट्रिन वाढवतात, गोडी राहते, आणि त्यावर ‘वेस्ट कोस्ट’ लिहितात. पुण्याच्या पत्रातली तांबूस बिअर इथूनच येते. पाचच्या आत आयपीए करायला हरकत नाही, ती उत्तम होऊ शकते. तिला सेशन म्हणा. त्यात कमीपणा नाही. कमीपणा नाव चोरण्यात आहे.

कर बदलेपर्यंत वाट पाहायची का? आमचे मत: नाही. पाचच्या आत राहूनही काही नवे करता येते, आणि त्याचे सामान आपल्या शेजारी आहे. पोर्टलंडच्या वेफाइंडर ब्रुअरीत केव्हिन डेव्ही यांनी २०१८ मध्ये कोल्ड आयपीए काढली: लागरचे यीस्ट, पण नेहमीच्या लागरपेक्षा उबदार फर्मेंटेशन, तांदूळ किंवा मक्याचा मोठा वाटा, कोरडा शेवट, वर हॉप्स. लागरचे यीस्ट आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आहे. मावळ-भोरच्या गिरण्यांत तांदळाची कणी पोत्याने मिळते. कणी वेगळी शिजवून मॅशमध्ये सोडायला एक जास्तीचे भांडे आणि एक जास्तीचा तास लागतो. कर्नाळ्यापासून कोल्हापूरपर्यंतच्या उकाड्यात कोरड्या बिअरसाठी याहून सोयीची चौकट सापडणार नाही. मराठी मुलखाची आयपीए कधी व्हायची असेल तर ती अशीच होईल: आपले धान्य, आपले पाणी, आपली हवा, आणि चार-पाच ब्रुअर एकमेकांची बिअर पिऊन एकमेकांना सुधारताना. हापूसचा पल्प ओतून वर ‘कोकण स्टाइल’ छापल्याने ती होणार नाही. पल्पची बिअर खुशाल करा, लोकांना आवडते. शैलीचा दावा करू नका.

पाण्याचेही तेच. धरणाचे नळाचे पाणी मऊ, आणि काळ्या कातळातल्या बोअरचे बायकार्बोनेटने जड. एकाच शहरात दोन पाणी. सगळे आरओतून काढून अमेरिकन पुस्तकातला तक्ता टाकण्याआधी आपल्या पाण्याचा अहवाल तरी वाचा. आम्हाला रेसिपी पाठवणाऱ्या बहुतेकांच्या कागदावर पाण्याची ओळच नसते.

तेव्हा या अंकापासून आम्ही एक गोष्ट सुरू करतो आहोत आणि तिला तुमची गरज आहे. ज्या ब्रुअरी आपल्या आयपीएला प्रदेशाचे नाव लावतात त्यांनी चालू बॅचचा तपशील आम्हाला पाठवावा: पाण्यातले सल्फेट व क्लोराइड, ग्रिस्टमधले क्रिस्टलचे प्रमाण, सुरुवातीची व शेवटची ग्रॅव्हिटी, हॉप्स आणि त्यांचे पीकवर्ष, भरणीच्या वेळचा डीओ, भरणीची तारीख, आणि तुम्ही स्वतः ती बिअर किती दिवस पिण्यासारखी मानता तो आकडा. आम्ही तो काटछाट न करता छापू. हाच तपशील खडूने टॅपरूमच्या पाटीवरही लिहा. त्याला कोणाची मंजुरी लागत नाही. लेबलाच्या चौकटीबाबतचे निवेदन तयार आहे, ते या अंकासोबत घातले आहे. सही करून ब्रुअरीच्या शिक्क्यासह महिनाअखेरीपर्यंत परत पाठवा. मागच्या वेळी करासंबंधीच्या निवेदनावर सह्या करायला ज्यांना सवड झाली नाही, त्यांनी या वेळी पहिल्याच आठवड्यात पाठवावी.