ऑपरेशन झालं, पुढे काय?

हृदयाच्या ऑपरेशनची गोष्ट आपल्याकडे डिस्चार्जच्या दिवशी संपते. मूल घरी आलं, नवस फेडला किंवा चर्चमध्ये आभाराची प्रार्थना झाली, की सगळे सुटकेचा निःश्वास सोडतात. पण जन्मजात दोषामुळे झडप बदललेल्या माणसाची खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. ती किती वर्षं चालणार हे सर्जनइतकंच घर, कॉलेज आणि समाज यांच्यावरही अवलंबून असतं, असं मला वाटतं.

आधी थोडी माहिती. महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेला तीन पाकळ्या असतात. शंभरातल्या एकदोघांना जन्मतःच दोन असतात. पुष्कळांना त्याचा त्रास होत नाही. काहींची झडप मात्र आखडते किंवा गळू लागते आणि बदलावी लागते. यांत्रिक झडप कैक वर्षं टिकते, पण तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपेला बहुधा ती जन्मभर लागत नाही, पण ती साधारण 10 ते 15 वर्षांत झिजते, तरुणांत त्याहूनही लवकर. म्हणजे कुठलीही झडप घ्या, डॉक्टरांचा पिच्छा सुटत नाही.

अभिनेता अर्नोल्ड श्वार्झनेगर याचंच बघा. जन्मजात दोषासाठी 1997 मध्ये त्याचं ऑपरेशन झालं. 2018 आणि 2020 मध्ये पुन्हा झडपा बदलाव्या लागल्या. मधल्या काळात तो कॅलिफोर्नियाचा गव्हर्नरही झाला. ऑपरेशन झालेला माणूस 'कायमचा बरा' नसतो आणि 'कायमचा आजारी'ही नसतो, हे यातून दिसतं.

आपल्याकडे पैशांचा आणि अंतराचा प्रश्न आहेच. खेडेगावातल्या मुलाला आयएनआरची रक्ततपासणी करायला बस पकडून शहरात यावं लागतं. पण त्याहून मोठा अडथळा मला लपवालपवीचा वाटतो. मुलीच्या छातीवरचा व्रण स्थळ बघायला येणाऱ्यांपासून लपवला जातो. लग्नानंतर गोळ्याही लपवाव्या लागतात आणि एक दिवस बंद पडतात. यांत्रिक झडप असलेल्या बाईने गोळी सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय ही गोळी गर्भालाही अपाय करू शकते, म्हणून दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं. जी गोष्ट घरात कुणाला माहीतच नाही, तिच्याबद्दल ती बोलणार कुणाशी?

काहीजण म्हणतील, हा ज्याचा त्याचा खाजगी मामला. बरोबर आहे, सांगण्याची सक्ती कुणावरच नको. पण सांगितलं तर स्थळ मोडेल, हॉस्टेलवर चेष्टा होईल, ही भीती आपणच तयार केलेली आहे. ती कमी करणं आपल्याच हातात आहे.

अठराव्या वर्षी मूल घर सोडून कॉलेजला येतं. तोवर आई गोळीची आठवण करायची, आता कुणी करत नाही. त्यामुळे कॉलेजचं काम इथे सुरू होतं. तपासणीच्या दिवशी हजेरीची सवलत द्यावी. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याला कबड्डीत ओढू नये, पण डॉक्टरांची हरकत नसेल तर सहलीतून वगळूही नये. डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून कुठलीही गोळी आणून त्याच्या हातावर ठेवू नये; काही वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढतो. दात काढायच्या आधी झडपेबद्दल दंतवैद्याला सांगायचं, कारण तोंडातले जंतू रक्तात शिरून झडपेला संसर्ग करू शकतात. हे त्याच्या रूममेटलाही ठाऊक असलेलं बरं.

यातलं काहीच अवघड नाही. पुढच्या वर्षीच्या प्रवेशअर्जात ऐच्छिक आरोग्यमाहितीचा एक रकाना आणि ती गुप्त ठेवणारे एक शिक्षक, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.