संगणकांतील नवें कार्ड व घरांतील वाद

कुसगांवाहून एका वाचक भगिनींचें पत्र आमच्याकडे आलें आहे. घर एकत्र, माणसें नऊ आणि संगणक एक. तोही सुटे भाग जुळवून केलेला नव्हे, तर दुकानांत 'ब्रँडेड' म्हणून जो तयार मिळतो तो. भगिनी घरबसल्या इमारतींचे नकाशे व चित्रें करतात. त्यांचा पुतण्या तंत्रविद्येचा विद्यार्थी आहे. दोघांच्याही कामास यंत्र अपुरें पडूं लागलें, तेव्हां भगिनींनीं स्वतःच्या कमाईंतून 'आर. टी. एक्स. 3060' या जातीचें ग्राफिक्स कार्ड आणविलें व पुतण्यानें तें बसविलें. पत्रें लिहावीं, हिशेब मांडावा, तोंपर्यंत सारें ठीक चालतें. परंतु मोठें चित्र उघडून काम सुरू करतांच पडदा काळा होतो व यंत्र आपोआप पुन्हां सुरू होतें. थोरले भाऊजी म्हणतात, पोरानें चांगलें यंत्र बिघडविलें. पुतण्या म्हणतो, दुकानदारानें खराब कार्ड गळ्यांत बांधलें. भगिनी विचारतात, खरें कोणाचें?

आमच्या मतें, बहुधा दोघांचेंही नव्हे. पत्रांत भगिनींनीं दोन गोष्टी सहज म्हणून लिहिल्या आहेत. उत्तर त्यांतच आहे. यंत्राच्या एस. एम. पी. एस.वर, म्हणजे आंतल्या भागांस वीज पुरविणाऱ्या पेटीवर, 300 वॅट असा आंकडा आहे. आणि कार्डाची तार जोडावयास जागा नव्हती, म्हणून बाजारांतून एक जोडतार आणून डिस्कच्या चपट्या 'साटा' जोडांतून वीज घेतली आहे.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्राच्या लक्षावधि ठिपक्यांचा हिशेब एकाच वेळीं करणारें स्वतंत्र यंत्रच होय. पुण्याच्या सी-डॅक संस्थेंत 2020 सालीं उभारलेल्या 'परम सिद्धि–एआय' या महासंगणकाचें बळही अशाच जातीच्या प्रक्रियकांत आहे. हें बळ विजेवांचून येत नाहीं. कुसगांवच्या मंडळींस दृष्टान्त दूर शोधावयास नको. वळवण व लोणावळ्याच्या तलावांचें पाणी मोठ्या नळांतून घाटाखालीं उतरतें व खोपोलीस 1915 सालापासून त्यावर वीज होते. पावसाळ्यांत तलाव कांठोकांठ भरला, तरी नळांतून मावेल तेवढेंच पाणी खालीं येतें. संगणकाचेंही तसेंच. भिंतींतील वीज मुबलक असली, तरी एस. एम. पी. एस. आपल्या मापापेक्षां अधिक देऊं शकत नाहीं.

आतां आंकडे पाहूं. मदरबोर्डावरील लांब स्लॉटमधून कार्डास जास्तींत जास्त 75 वॅट मिळतात. त्याहून अधिक हवे असल्यास निराळी तार लागते : सहा पिनांच्या तारेची मर्यादा 75 वॅट, आठ पिनांच्या तारेची 150 वॅट. 3060 हें कार्ड भर कामांत सुमारें 170 वॅट घेतें, आणि त्याच्या निर्मात्यांनीं एकंदर यंत्रास 550 वॅटचा पुरवठा असावा, असें सांगितलें आहे. येथें पुरवठा आहे 300 वॅटचा. पत्र लिहितांना कार्ड जवळजवळ निजलेलें असतें, म्हणून बिघाड दिसत नाहीं. मोठें चित्र उघडतांच तें एकदम वीज मागतें, पुरवठ्याची पेटी हात टेकते आणि यंत्र बंद पडतें.

जोडतारेची गोष्ट याहून गंभीर आहे. एका साटा जोडांतून 12 व्होल्टच्या मार्गानें सुमारें 54 वॅटच नेणें सुरक्षित. आठ पिनांच्या मुखास 150 वॅटपर्यंत मागण्याची मुभा आहे. अशा जोडतारा तापतात, वितळतात, प्रसंगीं पेटतात. भगिनींनीं ती तार हें पत्र वाचतांच काढवावी. घरांत लहान मुलें आहेत; चित्र एक दिवस थांबेल.

यंत्र बिघडलें कीं नाहीं, हें ठरविण्यास दमडी लागत नाहीं. संगणक बंद करून भिंतींतील प्लग काढावा, कॅबिनेटच्या उघड्या धातूस हात लावून अंगांतील स्थिर वीज जाऊं द्यावी आणि कार्ड काढून घ्यावें. मॉनिटरची तार मदरबोर्डाच्या मुखास लावून पूर्वीप्रमाणें काम करून पाहावें. यंत्र पहिल्यासारखें चाललें, तर पुतण्यानें कांहीं बिघडविलें नाहीं, हें थोरल्या भाऊजींस डोळ्यांनीं दिसेल. मग कार्ड पुरेशा पुरवठ्याच्या दुसऱ्या संगणकांत लावून पाहावें. सिंहगड संस्थेचें मोठें आवार कुसगांवांतच आहे. पुतण्याच्या ओळखींत असें यंत्र निघेलच. तेथें कार्ड नीट चाललें, तर दुकानदारही निर्दोष ठरतो.

इतर वाचकांसाठीं लक्षणें थोडक्यांत देतों. आरंभापासूनच पडदा काळा असेल, तर मॉनिटरची तार कार्डाऐवजीं मदरबोर्डास राहिली आहे काय, कार्ड स्लॉटमध्यें पुरतें बसलें आहे काय, हें आधीं पाहावें; मावळच्या दमट हवेंत एकवार काढून घट्ट बसविल्यानेंही काम होतें. जुन्या यंत्राचें बायोस नव्या कार्डास ओळखत नाहीं, असेंही घडतें. चित्र दिसतें पण आकार बेढब, तर ड्रायव्हर चुकला आहे. पावघटका काम केल्यावर पंखे घोंघावून चित्र अडखळूं लागलें, तर उष्णता. भार पडतांच क्षणांत अंधार, तर बहुधा पुरवठा. आणि सुरुवातीच्या अक्षरांतच रंगीत रेघा उमटल्या, तर कार्डाचाच दोष संभवतो. एका वेळीं एकच बदल करावा. दोन केले, कीं कशानें गुण आला तें कळत नाहीं.

भगिनींपुढें मार्ग दोन. मोठा एस. एम. पी. एस. घालणें हा एक. परंतु पुष्कळ तयार संगणकांत त्या पेटीचा आकार व मदरबोर्डाचा जोड कंपनीचा स्वतःचा असतो, बाजारांतील 24 पिनांची पेटी त्यांत बसत नाहीं. म्हणून कॅबिनेट उघडून तें आधीं पाहावें. दुसरा मार्ग असा, कीं मुदत असल्यास हें कार्ड परत करून 'आर. टी. एक्स. 3050'चा 6 जी. बी.चा प्रकार घ्यावा. तो सुमारें 70 वॅट घेतो, बहुतेक कार्डांस निराळी तार लागत नाहीं, आणि 300 वॅटचा पुरवठा त्यास निर्मात्यांनींच पुरेसा सांगितला आहे. बळ कांहींसें कमी, परंतु नकाशांचें काम निभेल.

तपकीर गल्लींत वा लॅमिंग्टन रोडवर जाण्यापूर्वीं कागदावर चार मापें लिहून न्यावींत : पुरवठ्याचे वॅट, मोकळ्या तारेच्या पिना, कॅबिनेटमधील जागेची लांबी-उंची आणि मदरबोर्डाचें नांव. हा कागद घरच्या वडीलधाऱ्यांसमोर बसून लिहिला, तर खरेदीही सुधारते आणि मागाहून कोणाच्या माथीं दोष येत नाहीं. असो. पुतण्यानें कार्ड नीट बसविलें, यावरून त्याच्या हातांत कसब आहे, हें दिसतेंच. थोरल्या भाऊजींनीं पुढील मोजमापास त्यालाच सोबत घेऊन बसावें, एवढेंच आमचें सांगणें.