'केमिकल लोचा' म्हणजे पेट्रोल संपणं नव्हे!

हॉस्टेलवर कुणी दोन दिवस मेसमध्ये दिसलं नाही की निदान तयारच असतं : 'त्याचं सेरोटोनिन लो झालंय.' मुन्नाभाईनं २००६ मध्ये 'केमिकल लोचा' तोंडी दिला, पुढचं काम रील्सनी केलं. डोकं म्हणजे स्कूटर, सेरोटोनिन म्हणजे पेट्रोल.

माझ्या रूममेटचाही हाच समज. डिप्रेशनच्या गोळ्या त्यानं दहाव्या दिवशी बंद केल्या. म्हणाला, "पेट्रोल टाकूनही गाडी सुरू होत नाही म्हणजे गाडीच भंगार आहे." ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

खरं तर नेहमीच्या गोळ्या सेरोटोनिनवर काही तासांतच काम सुरू करतात, पण बरं वाटायला काही आठवडे लागतात. नुसती टाकी भरायची असती तर पहिल्याच दिवशी फरक पडला असता. मधल्या आठवड्यांत मेंदूत दुसरंच काहीतरी घडत असणार. ते काय, याचा एक मोठा धागा ग्लुटामेटमध्ये सापडला. मेंदूच्या पेशी एकमेकींना चेतवतात ते मुख्यतः या रसायनाने. (अजिनोमोटोतलं ग्लुटामेट तेच, पण चायनीज भेळेतून ते मेंदूत फारसं पोचत नाही. उगाच आशा नको!)

ग्लुटामेटचा निरोप घेणारे रिसेप्टर पेशींवर असतात. त्यातल्या 'एनएमडीए' रिसेप्टरला केटामिन हे भुलीचं जुनं औषध अडवतं. २००० मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी ते अगदी मोजक्या रुग्णांना दिलं, तर तीन दिवसांच्या आत उदासी हलकी झालेली दिसली. २००६ मध्ये, म्हणजे मुन्नाभाईच्याच वर्षी, तिथल्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेनं १८ जणांवर प्रयोग केला. आधीच्या औषधांनी बरे न झालेले हे लोक, पण एका दिवसात बहुतेकांना मोठा फरक पडला. मग २०१० मध्ये उंदरांच्या मेंदूत दिसलं की, केटामिननंतर पेशींमधले जोड नव्यानं फुटतात. दीर्घ ताणात हेच जोड झडतात.

म्हणजे प्रश्न टाकीचा कमी आणि वायरिंगचा जास्त. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. वायरिंग जुळायला वेळ लागतो, आणि वेळ लागतोय म्हणून गाडी भंगार ठरत नाही.

पण लगेच 'ग्लुटामेट लोचा' म्हणत सुटू नका. मेमँटिन हे स्मृतिभ्रंशाचं औषधही एनएमडीए अडवतं, तरी उदासीवर त्याचा उपयोग दिसला नाही. एका रसायनाच्या जागी दुसरं बसवलं की झालं, इतकं हे सोपं नाही. उलट्या टोकाचे रील्सवालेही तितकेच चुकतात. सेरोटोनिन कमी असल्यानं डिप्रेशन येतं याला ठोस पुरावा नाही, असं २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यात आलं आणि यांनी निष्कर्ष काढला, 'गोळ्या म्हणजे फसवणूक.' आढावा कारणाबद्दल होता. पॅरासिटामॉलनं ताप उतरतो, म्हणून ताप काही पॅरासिटामॉल कमी पडल्यानं येत नाही ना?

आणि केटामिन पार्टीत मिळतं म्हणून स्वतःच डॉक्टर होणाऱ्यांसाठी : 'फ्रेंड्स'मधला मॅथ्यू पेरी २०२३ मध्ये गेला, तो प्रामुख्यानं केटामिनच्या परिणामानंच. अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळालेला याच कुळातला नाकातला स्प्रेसुद्धा दवाखान्यातच, किमान दोन तास नजरेखाली ठेवून देतात. केटामिनच्या एका डोसचा असर बऱ्याचदा आठवड्याभरात ओसरतो, हे वेगळंच.

रूममेटला मी पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. (कुणाला सोबत नसेल तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे.) त्यांनी गोळी बदलली आणि कॅलेंडरवर सहा आठवडे मोजायला सांगितले. 'पेट्रोल' हा शब्द ऐकून त्या हसल्या. पाचव्या आठवड्यात पठ्ठ्या मेसमध्ये आला आणि डाळ पातळ आहे म्हणून आचाऱ्याशी भांडला.