जुन्या बाटलीचा भाव

‘जुने ते सोने’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने पुढच्या पिढ्यांवर उपकार केले की अपकार, याचा निवाडा एकदा व्हायला हवा. दिवाळी जवळ आली की कोल्हापूरच्या जुन्या पेठांतून माळे उपसले जातात, फडताळे झाडली जातात, आणि कुठल्या ना कुठल्या वाड्यात धुळीने माखलेली एखादी विलायती वाईनची बाटली बाहेर पडते. कोणाचे पणजोबा दरबारचे मानकरी, तर कोणाचे साहेबाच्या हाताखालचे कारकून. बाटलीवरचा कागद कसरीने अर्धा खाल्लेला असतो. पण उरलेल्या अर्ध्यावर इसवी सनाचा आकडा दिसला की झाले! ‘दारू जितकी जुनी तितकी किमती’ हे वेदवाक्य घरातले शेंबडे पोरही म्हणून दाखवते. संध्याकाळपर्यंत किंमत लाखावर जाते आणि फराळाच्या ताटाभोवती वाटण्यांची भाषा सुरू होते. या खुळाविरुद्ध मला चार शब्द बोलायचे आहेत. सणासुदीला कडू बोलू नये हे खरे. पण नरकचतुर्दशीला पहाटे कारीट फोडून कडू चव जिभेला लावणारे आपणच, तेव्हा वाचकांनी एवढा कडवटपणा चालवून घ्यावा.

मुळात ते वेदवाक्यच अर्धे खोटे आहे. व्हिस्की मुरते ती लाकडी पिंपात. बाटलीत भरली की तिचे मुरणे संपले. बारा वर्षे पिंपात राहिलेली व्हिस्की पुढे पन्नास वर्षे तुमच्या कपाटात राहिली, तरी ती बारा वर्षांचीच. वाईन मात्र बाटलीतही बदलत राहते. पण बदलणे म्हणजे सुधारणे नव्हे. जगातली बहुतेक वाईन थोड्या वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेली असते. आंबटपणा, तुरटपणा वा साखर यांचे बळ जिच्या अंगी भरपूर, अशी थोडीच दशकानुदशके टिकते. आणि तीही बारा-तेरा अंश उष्णतेच्या अंधाऱ्या, दमट तळघरात आडवी निजवून ठेवली तर. आडवी अशासाठी, की बूच ओले राहावे. बूच वाळले की आकसते, फटीतून हवा शिरते आणि वाईनचे मातेरे होते. आता आमचा माळा पाहा! वर मंगलोरी कौले, वैशाखात तव्यासारखी तापणारी. आणि बाटली दोन पिढ्या देवघरातल्या समईसारखी ताठ उभी. आत उरले असेल ते बहुधा वाण्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या शिरक्याच्या जातीचे.

‘पण खात्री कशावरून?’ असे कोणी विचारील. खात्री नाहीच, आणि सगळी मेख तिथेच आहे. गुजरीत साज मोडायला नेला तर सराफ तो काट्यावर घालतो, कसोटीवर एक रेघ ओढतो आणि भाव सांगतो. पाडव्याच्या मुहूर्तावर शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात, तेव्हा व्यापारी रव्याचा खडा फोडून पाहतो, जिभेवर ठेवतो आणि मगच बोली बोलतो. सोने कसाला लावल्याने संपत नाही, गुळाचा रवा खडा काढल्याने संपत नाही. बंद बाटलीची परीक्षा मात्र तिला फोडल्यावाचून होत नाही, आणि फोडली की विकायला बाटलीच उरत नाही. म्हणून तिचा सौदा चवीवर होत नसतो. तो होतो शब्दावर. ही कोणी घेतली, कोठे ठेवली, कोणाकडून कोणाकडे गेली, याचा अखंड दाखला म्हणजेच तिची किंमत.

न्यूयॉर्कला २०१८ साली सदबीजच्या लिलावात रोमाने-कोंतीची १९४५ सालची एक बाटली ५,५८,००० डॉलरना गेली. हा आकडा आपल्याकडे सर्वांना पाठ! पण त्या वर्षी त्या मळ्यात अवघ्या सहाशे बाटल्या झाल्या होत्या, आणि ही बाटली बरगंडीतल्या एका नामांकित वाईन-व्यापाऱ्याच्या स्वतःच्या तळघरातून आली होती, हे कोणी सांगत नाही. उलट उदाहरण पाहा. १९८५ साली लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात १७८७ सालची म्हणून एक बाटली १,०५,००० पौंडांना विकली गेली. अमेरिकेचे अध्यक्ष जेफरसन यांची आद्याक्षरे तिच्या काचेवर कोरलेली होती. जेफरसनसाहेब पै-पैचा हिशेब लिहून ठेवणारे. पण त्यांच्या कागदपत्रांच्या अभ्यासकांना या बाटलीचा पुरावा काही मिळाला नाही. विकत घेणाऱ्यांनी ती दिव्यांच्या झोतात मांडली. उष्णतेने बूच आकसले आणि आत पडले. पुढे रूडी कुर्नियावान नावाच्या गृहस्थाने कॅलिफोर्नियातल्या आपल्या घरात साध्या वाईनी मिसळून, जुनी वाटतील अशी लेबले डकवून भल्या भल्या धनिकांना गंडवले. २०१४ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. जेथे शब्दच विकला जातो, तेथे खोटा शब्दही विकला जाणारच.

शिवाय आपल्याकडे एक कायदाही आहे. ज्या १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्याच सालचा तो दारूबंदीचा कायदा. त्याचे कलम पुष्कळ वेळा वाकले, पण परवान्यावाचून दारू विकणे हा गुन्हा आजही आहे आणि जवळ बाळगायलाही परवाना लागतो. म्हणजे ज्या मालाला मालकाने उघडपणे गिऱ्हाईक पाहता येत नाही, त्याच्या लाखाच्या किमतीवरून सख्खे भाऊ अबोला धरतात! हवेतले पैसे आणि घरातले वैर, यातले खरे काय उरते ते सांगायला नको.

मग जुन्याला मोलच नाही काय? आहे, आणि ते पाहायला सदबीजपर्यंत जायला नको, टाऊन हॉलच्या बागेपर्यंत गेले तरी पुरे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४४ ते १९४६ या काळात खोदकाम झाले. शेवटच्या हंगामात डेक्कन कॉलेजचे सांकलिया आणि दीक्षित तेथे होते. तेथे पितळ-काशाच्या वस्तूंचा जो साठा सापडला, त्यात ग्रीक सागरदेव पोसायडनची चिमुकली मूर्ती होती, आणि वाईन ओतण्याचा एक रोमन धाटणीचा चंबूही होता. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाईनचे नाव आहे, आणि त्यातही इटलीची पसंत असे नमूद आहे. त्या यादीशेजारी हा चंबू ठेवला की पंचगंगेचा काठ एकदम भूमध्य समुद्राला जाऊन भिडतो. त्यात वाईनचा थेंब नाही. तरी तो कोल्हापूरचा सर्वांत मोलाचा सुराचंबू आहे. का? तो कोठे सापडला, कशाबरोबर सापडला, हे लिहून ठेवले गेले म्हणून. तोच एखाद्या मजुराने गुपचूप तांबटाला घातला असता, तर मोडीच्या भावाने वितळून आज कोणाच्या तरी घरी त्याची पळी झाली असती.

वाचकहो, माझे खरे भांडण इथे आहे. जी बाटली काही सांगत नाही तिला आपण काचेच्या कपाटात बसवतो. आणि त्याच दिवशी, त्याच माळ्यावरचे मोडी कागदांचे रुमाल ‘वाचता कोणाला येते?’ म्हणून रद्दीवाल्याच्या तराजूत घालतो. त्या रुमालांत वाटणीपत्रे असतात, दुष्काळातले कर्जरोखे असतात, लग्नाच्या याद्या असतात. आणि कोणी सांगावे, त्या बाटलीची खरेदीची पावतीही असेल, जिच्यावाचून ती कवडीमोल आहे! दाखला किलोवर विकायचा आणि वस्तूला लाख मागायचे, ही व्यवहारबुद्धी कोल्हापुरी माणसाला शोभत नाही.

तेव्हा यंदा माळा झाडाल तेव्हा बाटली राहू द्या बाजूला. आधी रुमाल सोडा. वाचता येत नसेल तर मोडी जाणणारा गाठा; शहरात सरकारी पुराभिलेखागार आहे, तेथे विचारा. घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला जवळ बसवून कोणती वस्तू कोणी, कधी, कशासाठी आणली ते विचारा आणि वहीत उतरवून घ्या. बाटली आणखी शंभर वर्षे तशीच मुकी उभी राहील. आजी राहणार नाही.